अपवादाची एक ओळ: बुलफाइट बंद कशी होते, आणि झालेली बंदी का कोसळते

फ्रान्समध्ये पाळीव जनावराला क्रूरपणे वागवलं, तर दंडसंहितेच्या ५२१-१ या कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि ४५ हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कलमात पुढे एक ओळ आहे: जिथे अखंड स्थानिक परंपरा दाखवता येते, तिथल्या वळूंच्या खेळांना हे लागू नाही. ही सवलत १९५१ सालची. त्यामुळे वळूच्या मानेत भाला खुपसणारा माणूस पॅरिसमध्ये गुन्हेगार ठरतो, आणि नीम किंवा आर्लच्या रोमनकालीन दगडी प्रेक्षागारात त्याच कामाला तिकीट लावता येतं.

बुलफाइटविरोधी आंतरराष्ट्रीय चळवळ समजून घ्यायची, तर सुरुवात या ओळीपासून करावी. हा खेळ जिथे चालतो तिथे प्राणीक्रूरतेविरुद्ध कायदा आहे, फक्त त्यात वळूपुरतं एक भगदाड ठेवलेलं आहे. ते बुजवायचं, हे चळवळीचं काम. आणि ते बुजवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, नगरपालिकेचा, राज्याचा, संसदेचा की न्यायालयाचा, हे आधी न पाहिल्यामुळे जिंकलेल्या लढाया हातच्या गेल्या आहेत.

आज हा खेळ ८ देशांत उरला आहे: स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्सचा दक्षिण भाग, मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएला, पेरू आणि इक्वादोर. अर्जेंटिनाने १८९१ मध्येच प्राणीक्रूरतेच्या कायद्यात त्याला गुन्हा ठरवलं. पनामाने २०१२ मध्ये बंदी घातली. विरोध आधुनिक शहरी लोकांनी काढलेला आहे, असं म्हणणाऱ्यांनी १५६७ साल आठवावं. त्या वर्षी पोप पाचवे पायस यांनी हा खेळ भरवणाऱ्यांना धर्मबहिष्काराची शिक्षा जाहीर केली होती. स्पेनच्या राजदरबाराच्या दबावाखाली पुढच्या पोपांनी ती टप्प्याटप्प्याने सैल केली.

शब्दाबद्दल थोडं. मराठीत याला ‘बैलझुंज’ म्हणतात, पण इथे बैल नसतो, न खच्ची केलेला वळू असतो. आणि झुंज म्हणजे गोव्यातल्या धिर्योसारखी दोन जनावरांची टक्कर, तीही इथे नसते. स्पॅनिश नावाचा, ‘कोरिदा दे तोरोस’चा, अर्थ वळूंची धाव एवढाच. लढाईचा उल्लेख त्यात नाही.

रिंगणात नेमकं काय होतं

हे तपशिलात सांगावं लागतं, कारण पुढचे सगळे कायदे या अवजारांभोवती फिरतात. एका संध्याकाळी बहुधा ३ मातादोर, म्हणजे शेवटी तलवारीने वळूला मारणारे, आणि ६ वळू असतात. वळू ४ वर्षं पुरी झालेला आणि ६ वर्षांच्या आतला हवा. पहिल्या श्रेणीच्या रिंगणात त्याचं वजन किमान ४६० किलो लागतं. स्पेनच्या १९९६ च्या नियमावलीत प्रत्येक पात्याचं माप मिलिमीटरमध्ये दिलेलं आहे.

पहिल्या टप्प्यात घोड्यावरचा पिकादोर वळूच्या मानेमागच्या उंचवट्यात भाला दाबतो. त्याचं पोलादी टोक, म्हणजे पुया, तीन धारांचं आणि २९ मिलिमीटरचं. त्याच्या मागे दोर गुंडाळलेला ६० मिलिमीटरचा थोपा आणि मग आडवी पट्टी. कागदावर थोपा टोकाला अडवतो. प्रत्यक्षात वळू अंगाने रेटत असतो, स्नायू दबतात, थोपाही आत जातो, आणि पिकादोर भाला फिरवत राहिला की एकाच भोकातून वेगवेगळ्या दिशांना खोल जखमा होतात. घोड्याच्या पोटावर आज जाड झूल दिसते. ती १९२८ पर्यंत सक्तीची नव्हती. तोवर घोड्यांची आतडी रिंगणात सांडत असत.

हा भाला कशासाठी, हा कळीचा प्रश्न आहे. मान उचलून धरणारे स्नायू तुटले की वळूचं डोकं खाली येतं. डोकं खाली आल्याशिवाय मातादोरला शिंगांवरून हात नेऊन खांद्यांच्या फटीत तलवार घालता येत नाही. म्हणजे शेवटच्या वाराची तयारी पहिल्या पाचेक मिनिटांतच होते. हे लक्षात ठेवा. मेक्सिको शहराचा कायदा कळायला याची गरज पडेल.

दुसऱ्या टप्प्यात बांदेरिया, म्हणजे रंगीत कागद गुंडाळलेल्या काठ्या, जोडीजोडीने पाठीत रोवतात. बहुधा तीन जोड्या. काठी ७० सेंटिमीटरपर्यंत, टोकाला ६ सेंटिमीटरचा गळासारखा काटा. तो निसटत नाही. वळूच्या प्रत्येक पावलाबरोबर काठी हलते आणि काटा आतलं मांस फाडतो.

तिसरा टप्पा मुलेताचा, म्हणजे लाल कापडाचा. (गुरांना लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही. वळू हालचालीवर धावतो.) १० मिनिटांत वळू मेला नाही तर तुतारीचा पहिला इशारा, त्यानंतर ३ मिनिटांनी दुसरा, आणखी २ मिनिटांनी तिसरा. तलवारीचं पातं ८८ सेंटिमीटरपर्यंत असतं. नेम मोठ्या रक्तवाहिन्यांचा असतो. तो चुकून पातं फुप्फुसात गेलं की वळूच्या नाकातोंडातून रक्त येतं आणि तो उभाच राहतो. मग देस्काबेयो नावाची दुसरी तलवार कवटी आणि मणक्याच्या सांध्यात मारतात, आणि शेवटी १० सेंटिमीटरचा खंजीर. मज्जारज्जू तुटला की जनावर कोसळतं, पण शरीर लुळं पडणं आणि शुद्ध हरपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच युरोपीय संघाच्या २००९ च्या कत्तल नियमांत जनावराला आधी बेशुद्ध करणं सक्तीचं आहे. त्या नियमांतही अपवादाची ओळ आहेच: सांस्कृतिक आणि क्रीडा कार्यक्रमांना ते लागू नाहीत.

माद्रिदच्या कॉम्प्लुटेन्से विद्यापीठातल्या एका संशोधनाचा हवाला नेहमी दिला जातो. वळूच्या रक्तात बीटा-एंडोर्फिन इतकं वाढतं की त्याला वेदना जाणवत नाही, असा त्याचा दावा. इतर पशुवैद्यकांचा आक्षेप सरळ आहे: एंडोर्फिन वाढणं ही वेदनेची आणि ताणाची खूण आहे, वेदना नसल्याचा पुरावा नाही. आम्हाला हा आक्षेप पटतो. जखमी माणसाच्या रक्तातही ते वाढतं, म्हणून त्याला भूल न देता कोणी शस्त्रक्रिया करत नाही.

कातालोनिया: जिंकलेली आणि गमावलेली बंदी

स्पेनमध्ये कातालोनिया हा स्वायत्त प्रांत आहे. तिथे ‘प्रोउ!’ म्हणजे ‘पुरे!’ या मंचाने १ लाख ८० हजार सह्या जमवून प्रांतिक विधिमंडळात लोकप्रस्ताव दाखल केला. मागणी नेमकी होती. कातालोनियाच्या प्राणिसंरक्षण कायद्यात जनावरांच्या झुंजींवर बंदी होतीच, तिला बुलफाइटचा अपवाद होता. तो अपवाद काढा. २८ जुलै २०१० रोजी ६८ विरुद्ध ५५ मतांनी तो निघाला. बार्सेलोनाच्या ला मोनुमेंताल रिंगणात शेवटचा खेळ २५ सप्टेंबर २०११ ला झाला आणि १ जानेवारी २०१२ पासून बंदी लागू झाली.

मग उलटी बाजू कामाला लागली, तेही त्याच हत्याराने. बुलफाइट समर्थकांनी सुमारे ५ लाख ९० हजार सह्यांचा लोकप्रस्ताव माद्रिदच्या संसदेत नेला. त्यातून २०१३ चा १८ क्रमांकाचा कायदा आला: बुलफाइट हा साऱ्या स्पेनचा सांस्कृतिक वारसा आहे आणि तो जपणं सरकारचं कर्तव्य आहे. २० ऑक्टोबर २०१६ रोजी घटनात्मक न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी कातालोनियाची बंदी रद्द केली. प्रांताला प्राणिसंरक्षणाचे आणि सार्वजनिक खेळांचे नियम करता येतात, पण देशाच्या संसदेने वारसा ठरवलेली गोष्ट प्रांत समूळ बंद करू शकत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. वळूला होणाऱ्या यातनांवर तो निकाल लागलाच नाही. लागला तो अधिकार कोणाचा यावर.

मराठी वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. बैलगाडा शर्यतींचा खटलाही अधिकाराच्याच प्रश्नापाशी येऊन थांबला होता. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि शर्यती केंद्राच्या १९६० च्या प्राणीक्रूरता कायद्याच्या आधारे बंद केल्या. २०१७ मध्ये तामिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटकाने आपापल्या दुरुस्त्या करून राष्ट्रपतींची संमती मिळवली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. दिशा मात्र उलटी: आपल्याकडे राज्यांनी खेळ वाचवला, स्पेनमध्ये प्रांताने बंद केला आणि केंद्राने वाचवला. आणि मोठा फरक विसरू नये, शर्यतीत बैलाला मारणं हा खेळाचा भाग नसतो.

कातालोनियाच्या बंदीत एक कच्चा दुवा होता, आणि चळवळीतल्या प्रामाणिक लोकांनी तो लपवला नाही. बंदीनंतर दोनच महिन्यांत त्याच विधिमंडळाने ‘कोरेबोउस’ला कायद्याचं संरक्षण दिलं. गावातल्या रस्त्यांवर वळू सोडण्याचा, काही ठिकाणी त्यांच्या शिंगांवर पेटते गोळे लावण्याचा हा स्थानिक खेळ. त्यामुळे ‘तुम्हाला वळूची कणव नाही, स्पेनची ओळख पुसायची आहे’ हा आरोप चिकटला आणि न्यायालयाबाहेरच्या लढाईत महाग पडला.

तरीही एक गोष्ट घडली. २०१६ मध्ये बंदी रद्द झाल्यानंतरही कातालोनियात एकही कोरिदा झालेली नाही. प्रेक्षक आणि भरवणारे दोन्ही उरले नाहीत. कॅनरी बेटांवर तर १९८४ नंतर खेळ आपणच थांबला होता आणि १९९१ च्या प्राणिसंरक्षण कायद्याला कोणी आव्हान दिलं नाही. बालेआरिक बेटांनी वेगळा मार्ग काढला: बंदी नको, पण २०१७ पासून धारदार अवजारं नाहीत, वळूला मारायचं नाही आणि प्रत्येक वळू जास्तीत जास्त १० मिनिटं. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने त्यातल्या मुख्य तरतुदी काढून टाकल्या. कारण, ही बंदीच आहे, फक्त नाव वेगळं.

म्हणून स्पेनमधली लढाई आता २०१३ च्या त्या कायद्यावर येऊन ठेपली आहे. ‘नो एस मी कुल्तुरा’ म्हणजे ‘ही माझी संस्कृती नाही’ या मोहिमेने तो रद्द करण्यासाठी लोकप्रस्ताव आणला. नियम असा की ९ महिन्यांत ५ लाख सह्या जमवायच्या, त्या मतदारयादीशी ताडून घ्यायच्या, आणि मग प्रस्ताव चर्चेला घ्यायचा की नाही यावर सभागृह मत देतं. साडेसहा लाखांहून जास्त सह्या आल्या. ७ ऑक्टोबर २०२५ ला प्रस्ताव पहिल्याच पायरीवर पडला, कारण सत्ताधारी समाजवादी पक्ष तटस्थ राहिला. सह्यांनी दार उघडतं, आत शिरायला मतं लागतात.

कोलंबिया: बारा वर्षांचा फेरा

आमच्या मते आजवरचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण कोलंबियाचं आहे.

तिथल्या १९८९ च्या प्राणिसंरक्षण कायद्याच्या ७ व्या कलमात बुलफाइट, कोंबड्यांच्या झुंजी, कोरालेखा (वळू सोडलेल्या रिंगणात गर्दीने उतरण्याचा खेळ), कोलेओ (घोड्यावरून शेपूट ओढून जनावर पाडण्याचा खेळ) अशी अपवादांची यादीच होती. २०१० मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो अपवाद कायम ठेवला, पण आवळला: जिथे परंपरा रुजलेली आहे तिथेच, ठरलेल्या काळातच. २०१२ मध्ये बोगोताचे तेव्हाचे महापौर गुस्ताव्हो पेत्रो यांनी सांतामारिया हे महापालिकेचं रिंगण बुलफाइटला देणं बंद केलं. समर्थक न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये जिंकले. बंदी घालायची तर संसदेने घालावी, महापौराने नाही, असा निकाल. जानेवारी २०१७ मध्ये वळू सांतामारियात परतले. २०२० मध्ये बोगोताच्या नगरपरिषदेने भाले, बांदेरिया आणि जीव घेणं वर्ज्य केलं, तेव्हा खेळ भरवणाऱ्यांनीच पाठ फिरवली.

चळवळीने निकालाचा अर्थ नीट वाचला आणि सगळी ताकद संसदेत लावली. प्रस्ताव पुन्हापुन्हा पडले. शेवटी २८ मे २०२४ रोजी कनिष्ठ सभागृहात ९३ विरुद्ध २ मतांनी मंजुरी मिळाली. २२ जुलै २०२४ ला राष्ट्राध्यक्ष झालेल्या पेत्रो यांनी सही केली, ती सांतामारियाच्याच रिंगणात.

कायद्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. बंदी लगेच लागू झाली नाही, ३ वर्षांची मुदत दिली. या काळात ज्यांचं पोट या खेळावर आहे, म्हणजे घोडेवाले, शिंपी, फेरीवाले, गोठ्यावरचे गडी, त्यांना दुसऱ्या कामाकडे वळवणं सरकारवर बंधनकारक आहे. सार्वजनिक रिंगणं खेळ, संगीत आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी बदलायची आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायदा वैध ठरवलाच, वर बंदी कोंबड्यांच्या झुंजी, कोरालेखा आणि कोलेओलाही लावली. वळूला वाचवायचं आणि कोंबड्याला नाही, याला आधार सापडत नाही, हा त्यामागचा विचार. कातालोनियाला जे जमलं नाही ते इथे न्यायालयाने करून दिलं. बुलफाइटची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. रोजगार बदलाचे पैसे प्रत्यक्षात पोचले नाहीत, तर तीच पुढच्या विरोधाची ठिणगी होईल.

‘रक्ताविना’ म्हणजे काय

१८ मार्च २०२५ ला मेक्सिको शहराच्या विधिमंडळाने ६१ विरुद्ध १ मतांनी हिंसेविना बुलफाइटचा कायदा केला. भाले, बांदेरिया, तलवारी बंद, शिंगांवर आवरण, प्रत्येक वळूला जास्तीत जास्त १० मिनिटं, नंतर मारायचं नाही, रिंगणातही नाही आणि बाहेरही नाही. जगातलं सर्वांत मोठं, चाळीस हजारांहून जास्त प्रेक्षक मावणारं प्लाझा मेक्सिको याच शहरात आहे. त्याआधी २०१३ मध्ये सोनोरा या राज्याने बंदीची सुरुवात केली होती. पुढे गुएरेरो, कोआविला, किंताना रो, सिनालोआ अशी राज्यं जोडली गेली.

समर्थक या कायद्यावर इतके चिडले का, हे वरच्या भाल्याच्या तपशिलातून कळतं. स्नायू न तोडलेला वळू डोकं वर ठेवतो, दमत नाही, आणि कापडामागचा माणूस त्याला लवकरच कळतो. त्याच्यासमोर नेहमीचा खेळ करता येत नाही. कॅलिफोर्नियात पोर्तुगीज वस्तीतल्या उत्सवांत काट्याऐवजी वेल्क्रो लावलेल्या काठ्या वापरतात, म्हणजे रक्ताविना काहीतरी होऊ शकतं. पण ते दुसरंच काहीतरी असतं. इक्वादोरने २०११ मध्ये जनमत घेतलं तेव्हा किटोने रिंगणात वळू मारण्याविरुद्ध कौल दिला, आणि पुढच्याच वर्षी तिथला प्रसिद्ध उत्सव रद्द झाला. मरण काढून घेतलं की धंदा उरत नाही, हे भरवणाऱ्यांनी कृतीतून कबूल केलं.

पैसा आणि मुलं

बंदी जमत नाही तिथे चळवळ पैशाची वाट अडवते. २०१५ मध्ये युरोपीय संसदेने ४३८ विरुद्ध १९९ मतांनी म्हटलं की शेतीचं अनुदान जीवघेण्या बुलफाइटला जाऊ नये. अंमल झाला नाही, कारण अनुदान मुख्यतः जमिनीच्या हेक्टरवर मिळतं. कोणत्या रानातला कोणता वळू रिंगणात जाणार, हे अर्जात येतच नाही. स्पेनने १८ वर्षांच्या तरुणांना दिलेल्या ४०० युरोच्या सांस्कृतिक भत्त्यातून बुलफाइट वगळलं, तर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वगळणं रद्द केलं. आधार पुन्हा तोच, वारसा. २०२४ मध्ये संस्कृतिमंत्री एर्नेस्त उर्तासुन यांनी ३० हजार युरोचा राष्ट्रीय बुलफाइट पुरस्कार बंद केला. ते जमलं, कारण ते मंत्रालयाच्या स्वतःच्या हातात होतं.

महापौराच्या हातातलं मात्र पुढचा महापौर काढून घेतो. स्पेनमधल्या खिखोन शहरात २०२१ मध्ये खेळ थांबला. सत्ता बदलल्यावर परत सुरू झाला.

मुलांच्या बाबतीत चळवळीच्या मागे संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती उभी आहे. तिने २०१४ मध्ये पोर्तुगालला आणि २०१८ मध्ये स्पेनला सुचवलं की मुलांना या हिंसेपासून, प्रेक्षक म्हणूनही, दूर ठेवा. शिफारस बंधनकारक नाही. तरी फ्रान्सच्या सिनेटमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना बुलफाइटपासून दूर ठेवण्याचा प्रस्ताव पडला, तोवर ‘मुलांनी हे का पाहावं’ या प्रश्नाला समर्थकांकडे ‘परंपरा’ याहून वेगळं उत्तर आलं नाही.

समर्थकांचा एक मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. लढाऊ वळू चार वर्षं मोकळ्या रानात चरतो. कोंदट शेडमध्ये वाढून वर्षा-दीड वर्षात कत्तलखान्यात जाणाऱ्या जनावरापेक्षा त्याचं आयुष्य बरं असतं. खरं आहे. पण यातून शेडमधली जनावरं सुधारायला हवीत एवढंच निघतं. चांगल्या चार वर्षांची किंमत म्हणून शेवटची वीस मिनिटं वसूल करण्याचा हक्क निघत नाही. ओक वृक्षांची ती चराऊ रानंही केवळ वळूंवर जगत नाहीत. तिथे डुकरं, मेंढ्या, गायी चरतात, बुचाची साल काढली जाते.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

एका हिंदी चित्रपटानंतर पाम्प्लोनाची वळूंसोबतची धाव आपल्याकडे अनेकांच्या यादीत आली. ७ ते १४ जुलै, रोज सकाळी ८ वाजता, सुमारे ८७५ मीटर, दोन-चार मिनिटांत संपते. टूर कंपन्या जे सांगत नाहीत ते असं, की सकाळी धावलेले तेच ६ वळू त्या संध्याकाळी रिंगणात मारले जातात; धाव म्हणजे त्यांना तिथवर नेण्याची वाट. ते रिंगण एका धर्मादाय संस्थेचं आहे आणि तिकिटाचे पैसे तिच्या वृद्धाश्रमाला जातात, म्हणून तिथे विरोध करणं जास्त अवघड आहे.

लिस्बनला गेलात तर ‘इथे वळूला मारत नाहीत’ असं ऐकाल. रिंगणात मारणं पोर्तुगालमध्ये १९२८ पासून बंद आहे, बारांकोस गावाला २००२ पासून दिलेली सूट सोडून. काटेरी काठ्या मात्र घोड्यावरून पाठीत रोवल्या जातातच. खेळ संपल्यावर वळूला बैलांच्या कळपासोबत बाहेर नेतात, काटे कापून काढतात, आणि बऱ्याचदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, कत्तलखाना उघडेल तेव्हा, त्याला मारतात. तोवर त्या जखमा तशाच असतात.